आधी पाणी, मग काठ

नारायण पेठेच्या कडेने वाहणारी मुठा पावसाळा सोडला तर नदी उरलेली नाही. तिचे पाणी खडकवासल्याला अडते. पेठांपाशी वाहते ते बहुतांशी सांडपाणी. त्यातील मैला कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषला जातो. लिटरमागे ४ मिलिग्रॅमहून कमी प्राणवायू राहिला की बहुतेक माशांचे तगणे कठीण होते. टिकते ती चिलापीसारखी चिवट जात. हेच पाणी पुढे भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते.

टाळलेला खर्च नाहीसा होत नाही, तो दुर्बळाच्या माथी बसतो, हा अर्थव्यवहाराचा साधा नियम आहे. पुण्याने शुद्धीकरणावर न केलेला खर्च उजनीचा भोई आपल्या जाळ्याने फेडतो. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. जपानी कर्जावर आधारलेली मुळा-मुठा शुद्धीकरणाची योजना २०१६ ची. ती अपुरी असतानाच २०२२ मध्ये नदीकाठ सुशोभनाची पायाभरणी झाली. काठावर फिरणाऱ्यांची सोय आधी आणि पाण्यावर जगणाऱ्यांचा हक्क मागाहून, हा अग्रक्रम वर्गीय आहे. तो उलटवायचा, तर पेठांतील नागरिक आणि उजनीचे भोई यांना एकाच मागणीवर संघटित करावे लागेल.