पहिली दोन मिनिटं चुकवू नका!

पुण्यात घडणारा श्रीराम राघवनचा 'अंधाधुन' (२०१८) आठवतोय? सुरुवातीला कोबीचं शेत, एका डोळ्याने आंधळा ससा आणि मागे बंदूकवाला. गोळी सुटते, पडदा काळा... आणि गाडी धडकल्याचा आवाज! नेमकं काय झालं, ते शेवटी कळतं, तेही आकाशच्या तोंडून. खरं-खोटं तुम्हीच ठरवा. म्हणजे दोन तास आपणही आंधळेच! (पॉपकॉर्नच्या रांगेत असाल, तर गेलंच सगळं.)

कान कसे घाबरवतात, बघायचंय? वीकेंडला दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर मोबाइल काढा. फ्रेममध्ये नुसती शांत वाशिष्ठी, आवाज मात्र इंजिनाच्या घरघरीचा. बघताना वाटतं, आता काहीतरी होणार! तोच व्हिडिओ म्यूट करा. उरते फक्त कोकण ट्रिप.