कारभार हीही उपासनाच

आपल्या ख्रिस्तसभेत एक समजूत फार खोलवर रुजली आहे. मिस्साबली, प्रवचन, प्रायश्चित्त संस्कार, रुग्णभेट ही धर्मगुरूची खरी कामे. आणि जमाखर्च, नोंदवह्या, जमिनीचे उतारे, समित्यांच्या बैठका ही त्याच्या मागे लागलेली ऐहिक कटकट! ही समजूत काही धर्मगुरूंना सोयीची वाटते, कारण तिच्यामुळे कारभारातील ढिलाईवर अध्यात्माची शाल पांघरता येते. प्रापंचिकांनाही ती तितकीच सोयीची वाटते, कारण 'फादर बघतील' एवढे म्हटले की त्यांचे कर्तव्य संपते. दोघांच्या या सोयीपायी धर्मग्राम मात्र खुंटतो. म्हणून आम्ही आज जरा परखडपणे लिहिणार आहोत. कारभार ही सेवा आहे, ती शिकावी लागते, आणि जेथे ती शिकली जात नाही तेथे धर्मग्रामाची वाढ होत नाही, हे आमचे प्रतिपादन आहे.

याला आधार पवित्र शास्त्राचाच आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय पाहा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत कुरबूर सुरू झाली. रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवांना डावलले जाते, अशी तक्रार होती. म्हणजे ख्रिस्तसभेतील पहिले जाहीर भांडण सिद्धान्ताचे नव्हते, कारभाराचे होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांची तोंडे बंद केली नाहीत, की हिशेब आपल्याच मुठीत ठेवला नाही. त्यांनी मंडळीलाच सात माणसे निवडायला सांगितले. या सातांची नावे तपासली तर सगळी ग्रीक आहेत. ज्या गटाची तक्रार होती त्याच्याकडेच जबाबदारी आली. शिवाय पानावर वाढायचे काम करणाऱ्यांसाठी अट कोणती, तर ते पवित्र आत्म्याने व शहाणपणाने भरलेले असावेत! आणि या प्रसंगानंतर लगेचच लेखक सांगतो की देवाच्या वचनाचा प्रसार झाला व शिष्यांची संख्या वाढली. हा क्रम वाचकांनी लक्षात घ्यावा. आधी कारभार सुधारला, मग मंडळी वाढली.

संत पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने वाहून नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने सोबत घेतला आणि एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून आपण ही काळजी घेत आहोत, असे करिंथकरांस स्वच्छ लिहिले. ज्या प्रेषिताच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे आपल्या मनातही येणार नाही, त्याला साक्षीदाराची गरज वाटली. मग आजच्या धर्मगुरूला ती अपमानास्पद का वाटावी? याच पौलाने आत्म्याच्या देणग्यांची यादी करताना कारभाराची देणगीही मोजली आहे. त्यासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द गलबताचे सुकाणू धरण्याशी संबंधित आहे. सुकाणू धरणाऱ्याला कोणी हलक्या कामाचा माणूस म्हणत नाही.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातही संदिग्धता नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मगुरूंविषयीच्या आदेशात ख्रिस्तसभेच्या मालमत्तेचा कारभार शक्य तेथे जाणकार प्रापंचिकांच्या मदतीने करावा असे सांगितले. १९८३ च्या धर्मकायद्याने त्याला बंधनाचे रूप दिले. कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असलीच पाहिजे. कलम १२८३ नुसार कारभार हाती घेण्यापूर्वी मालमत्तेची नेमकी यादी झाली पाहिजे. कलम १२८४ प्रमाणे जमाखर्च नीट ठेवून वर्षअखेर अहवाल तयार केला पाहिजे, आणि कलम १२८७ प्रमाणे भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना दिला पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथे संपलेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने उत्तरदायित्व व पारदर्शकता यांवर पुन्हा भर दिला आणि वार्षिक आर्थिक विवरण तयार करून प्रसिद्ध करण्याची अपेक्षा नोंदवली. चाळीस वर्षांहून जुन्या कायद्याची अशी पुन्हा आठवण करून द्यावी लागते, हेच आपल्या स्थितीचे निदान नव्हे काय? कित्येक ठिकाणी वित्त समिती आहे ती कागदावर. तिची बैठक सणाच्या तोंडावर, रोषणाईचा खर्च ठरवण्यापुरती.

या अनास्थेचे एक मूळ शिक्षणात आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांना वर्षामागून वर्षे दिली जातात, आणि ती द्यायलाच हवीत. पण ताळेबंद वाचावा कसा, बैठकीचे इतिवृत्त लिहावे कसे, मतभेद असलेल्या दहा माणसांना एका निर्णयापर्यंत न्यावे कसे, याचे शिक्षण किती तास मिळते? नवदीक्षित धर्मगुरूच्या हाती एके दिवशी किल्ल्यांचा जुडगा येतो आणि त्याच दिवशी तो चर्च, शाळा, दफनभूमी, जुनी इमारत आणि नव्या इमारतीचे कर्ज या सर्वांचा कारभारी ठरतो. अभिषेकाने पवित्रता लाभते. हिशेब मात्र शिकावाच लागतो.

तो शिकवणारे धर्मग्रामातच बसलेले असतात, आणि हे आमच्या मनमाडइतके स्पष्ट कोठे दिसणार? हे गाव रेल्वेने मोठे केले. मुंबई–भुसावळ मार्गाला दौंडकडून आणि सिकंदराबादकडून येणारे मार्ग येथे मिळतात. येथील रेल्वे वर्कशॉपमध्ये पुलांचे गर्डर तयार होतात. अन्न महामंडळाची प्रचंड गोदामे येथे आहेत. पानेवाडीला इंधनाचे डेपो आहेत. अशा गावात रविवारच्या मिस्साला येणारा माणूस सोमवारी काय करतो? कोणी स्टेशनात ड्यूटी संपवताना डायरीत नोंद करून, सही करून चार्ज देतो. कोणी गोदामात पोत्यापोत्याचा साठा वहीशी ताडून पाहतो. कोणी शाळेत मस्टर आणि हजेरीपट सांभाळते. चार्ज दिल्याघेतल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे ज्यांच्या हाडीमासी खिळले आहे ती माणसे रविवारी चर्चच्या बाकांवर मुकी होऊन बसतात, कारण त्यांना कोणी विचारतच नाही.

आणि आमच्या भगिनी? ज्या मनमाडने वर्षानुवर्षे पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला येणाऱ्या पाण्यावर संसार केले, तेथील गृहिणीला नियोजन म्हणजे काय हे कोणी शिकवावे? बचत गटातील बाई दर महिन्याला बैठक घेते, वर्गणी मोजते, कर्जाची व परतफेडीची नोंद सर्वांसमक्ष करते आणि वही सर्वांना दाखवते. धर्मग्रामाच्या वित्त समितीत मात्र तिला जागा नसते. तिला वेदी सजवण्याच्या समितीत घातले की आपण स्त्रियांना सहभागी करून घेतले असे समजतो! धर्मकायद्याने वित्त समितीचे दार स्त्रियांना बंद केलेले नाही. ते आपल्या सवयीने बंद झाले आहे.

कारभार म्हणजे केवळ पैसा नव्हे. धर्मग्रामाच्या नोंदवह्यांचाही विचार करा. बदल्यांच्या गावात या वह्या म्हणजे मंडळीची स्मृती. येथे स्नानसंस्कार झालेल्या मुलीचा विवाह वीस-पंचवीस वर्षांनी कल्याणला किंवा पुण्याला होतो. कायद्याप्रमाणे त्या विवाहाची सूचना स्नानसंस्कार झालेल्या धर्मग्रामाकडे यावी लागते आणि मूळ नोंदीशेजारी ती लिहावी लागते. कोणी ती लिहिली नाही, तर पुढे दाखला काढताना त्या कुटुंबाला हेलपाटे पडतात. कुटुंबांची नोंद ठेवली नाही, तर कोणते घर बदली होऊन नव्याने आले, कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळले, कोणाचा मुलगा सहा महिने मिस्साला दिसला नाही, हे कळायचे कसे? मग ते घर दारावर येणाऱ्या एखाद्या नव्या प्रार्थनागटाकडे वळते आणि आपण त्याच्या श्रद्धेला बोल लावतो. त्या गटाच्या उपदेशकाला घरातील मुलांची नावे ठाऊक असतात. आपल्या कार्यालयात त्या कुटुंबाचा पत्ताही नसतो. मेंढपाळाने आपली मेंढरे नावाने ओळखावीत असे आपण दर वर्षी प्रवचनात सांगतो. कुटुंबांची नोंदवही ही त्या ओळखीची सुरुवात आहे.

देशाचा कायदाही आपल्यासाठी थांबणार नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाला दर वर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो. मिशनच्या काळात घेतलेल्या जमिनींचे सातबारा उतारे आज कोणाच्या नावे आहेत, हद्दी कोठे आहेत, हे वेळेवर पाहिले नाही तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. विदेशी मदतीचेही तेच. १८९९-१९०० च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात मिशनऱ्यांनी माणसे जगवली. ते ऋण आम्ही विसरणार नाही. परंतु त्या मदतीच्या मागोमाग घेण्याची सवयही आली आणि देण्याची सवय मागे पडली. विदेशी निधीविषयीच्या २०१० च्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तिने असा निधी एका संस्थेने दुसरीकडे वळवण्यास मनाई केली आणि त्यातून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. परक्या पैशावर धर्मग्राम चालवण्याचे दिवस सरत आले आहेत. उद्याचा धर्मग्राम मनमाडच्या माणसाच्या पगारातून आणि मजुरीतूनच चालेल. आणि ज्याचा हिशेब दिसत नाही त्या पेटीत कष्टाचा रुपया कोणी का टाकावा?

आमच्यावर येणारे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला असा, की ख्रिस्तसभा म्हणजे लोकशाही नव्हे. मान्य. धर्मग्राम परिषदेचे मत सल्ल्याचे असते, हे कायदाच सांगतो. पण सल्ला ऐकणे आणि सल्ला मागायचाच नाही, यांत फरक आहे. दुसरा आक्षेप असा, की समिती आली की राजकारण येते. खरे पाहता राजकारण अंधारात वाढते. तीच तीन-चार घराणी वर्षानुवर्षे समितीत, तेच आडनाव खजिनदार आणि तेच आडनाव चिटणीस, बाहेरच्या वाड्यांतील व मजूर वस्त्यांतील माणूस मात्र कायम मागच्या बाकावर. याला आम्ही राजकारण म्हणतो. गोव्यातील कॉन्फ्रारींनी शतकानुशतके आपले पदाधिकारी निवडले आणि जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या. पण त्यांतील कित्येकींना जातीच्या भिंती होत्या. ती परंपरा आपल्याला दोन्ही धडे देते. प्रापंचिक माणूस कारभार करू शकतो, हा एक. कारभाराची दारे काही घरांपुरतीच उघडी ठेवली तर कारभार हेच जुलमाचे साधन होते, हा दुसरा.

तिसरा आक्षेप प्रार्थनाशील माणसांचा आहे: वह्या लिहून आत्मे तरतात काय? आमचे उत्तर असे, की विधवेची दोन नाणी प्रभूने पाहिली. ती नाणी कोठे गेली, याविषयी बेफिकीर राहणाऱ्याला त्या विधवेवर प्रवचन करण्याचा अधिकार नाही.

आणखी एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. अलीकडे 'वाढ' हा शब्द कंपन्यांच्या शिबिरांतून जशाचा तसा उचलून आणण्याची हौस दिसते. उपस्थितीचे आकडे, रंगीत तक्ते, मोठे सभागृह, मोठा ध्वनिक्षेपक! आकडे हवेत, पण ते माणसांपर्यंत पोचण्यासाठी. सणाच्या गर्दीने धर्मग्राम मोजू नये, आणि नव्या इमारतीच्या उंचीने तर मुळीच नव्हे. आम्ही एकच माप सुचवतो. गेल्या वर्षी धर्मग्रामाची जबाबदारी किती जणांच्या खांद्यावर होती, आणि यंदा किती जणांच्या आहे? एका धर्मगुरूऐवजी चाळीस माणसे रुग्णांची, मुलांची, हिशेबाची, दफनभूमीची काळजी वाहू लागली, तर तो धर्मग्राम वाढला. धर्मगुरूची बदली झाल्यावरही त्याचे काम अडले नाही, तर तो प्रौढ झाला.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. रविवारचे दान किमान दोन माणसांनी मोजावे आणि त्याच दिवशी सही करून नोंदवावे. बँकेतून पैसे दोन सह्यांशिवाय निघू नयेत. एका कामासाठी दिलेले दान त्याच कामाला लागावे. वित्त समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हावी, आणि जमाखर्चाचा एक कागद साध्या मराठीत चर्चच्या दाराशी लावावा. समितीच्या सभासदांना मुदत असावी, तिच्यात स्त्रिया असाव्यात आणि प्रत्येक वस्तीचा माणूस असावा. धर्मगुरूने बदलीच्या वेळी मालमत्तेची यादी, वह्या आणि अपुरी कामे लिहून चार्ज द्यावा, व तो घेणाऱ्याने तपासून घ्यावा. आणि सेमिनरीत शिकणाऱ्या प्रत्येक तरुणाने दीक्षेपूर्वी काही महिने एखाद्या धर्मग्रामाच्या कार्यालयात, प्रापंचिक हिशेबनिसाच्या शेजारी बसून काम शिकावे. त्याने त्याचे पौरोहित्य उणावणार नाही; त्याला नम्रता येईल.

प्रापंचिक बंधुभगिनींना आमचे शेवटचे सांगणे. तुम्ही फादरांवर प्रेम करता, त्यांना सणाला घरी बोलावता, त्यांच्या आजारपणात धावून येता. आता त्यांना आणखी एक भेट द्या. धर्मग्रामाच्या पुढच्या सभेत उभे राहून आदराने विचारा: आपली वित्त समिती कोठे आहे, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, आणि यंदाचा हिशेब आम्हाला केव्हा ऐकायला मिळेल? हे विचारणे उद्धटपणा नव्हे. धर्मकायद्याच्या कलम २१२ ने आपली गरज व आपले मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. ज्ञान आणि योग्यता असेल तेथे ते कर्तव्यही आहे. आणि उत्तर म्हणून फादरांनी 'मग तुम्हीच या मदतीला' असे म्हटले, तर खाली बसू नका. वही उघडा, पेन घ्या आणि कामाला लागा.