धूर नाही म्हणून धुराडंही नको?



आज पाठ नाही, घरातलीच एक गोष्ट सांगायची आहे. आणि त्यावरून माझं जे मत झालं आहे तेही.

मागच्या थंडीत आमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर बसवला. आष्टीत लाइटचा काही भरवसा नाही, सकाळी शाळेची घाई, तीन जणांच्या आंघोळी. गॅस गिझर म्हणजे नळ सोडला की गरम पाणी. बसवणाऱ्याला मी विचारलं होतं, "याच्या धुराचं काय?" तो हसला. "सर, गॅसला कुठं धूर असतोय? काय होत नसतंय." मी विज्ञानाचा शिक्षक. मान डोलावली आणि पैसे दिले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

डिसेंबरातली सकाळ. आधी मी आंघोळ केली, मग लगेच आठवीतली मुलगी गेली. वारा गार येतो म्हणून वरच्या छोट्या खिडकीत सौ.ने पोत्याचा तुकडा कोंबला होता. थोड्या वेळाने सौ.ची हाक आली, "अहो, पाणी चालूच आहे, पोरगी ओ देईना!" कडी तकलादू होती म्हणून दोन धक्क्यांत दार उघडलं. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धवट. अंगणात आणल्यावर उलटी झाली, मग रडायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, उपाशीपोटी चक्कर आली असेल. दुसरं कुणी म्हणालं, फीट असेल. डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "गिझर कुठला आहे?"

पोरगी बरी आहे. पण सगळ्यांच्या घरच्या कड्या तकलादू नसतात. २०२३ मध्ये होळी खेळून आलेलं घाटकोपरचं एक जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं, तेव्हा संशय गॅस गिझरवरच गेला होता. आपण अशी बातमी वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

आता थोडं गणित, कारण ते मी गिझर बसवायच्या आधी करायला हवं होतं. आपल्याकडची बाथरूम साधारण ४ बाय ५ फुटांची, उंची ७ फूट. म्हणजे १४० घनफूट, जवळपास ४ घनमीटर हवा. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला साधारण पाऊण किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरातले चार-पाच बर्नर एकदम मोठे करावेत, तेवढा हा जाळ. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दोघांच्या आंघोळीत मिळून गिझर १५ मिनिटं पेटला, तर सव्वादोन-अडीच घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपला. खोलीतली निम्म्याहून जास्त हवा! आणि तितका संपायची वाट ज्योत बघत नाही. ऑक्सिजन थोडा कमी पडला की ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. इथंच बहुतेक लोक फसतात. "गॅसचा वास आला असता की!" असं मला चार जणांनी तरी ऐकवलं. सिलेंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वासाचं रसायन मिसळतात, म्हणून गळती कळते. पण जळून गेलेल्या गॅसला तो वास राहत नाही. गळती ही एक गोष्ट आणि जळण्यातून झालेलं विष ही दुसरी. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात, आणि उठून कडी काढायचं बळच उरत नाही. कोरोनात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं यंत्रही यात फसतं, ऑक्सिजन चांगला दाखवतं. म्हणून दवाखान्यात गेल्यावर "बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता" हे आधी सांगायचं.

आपल्या भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांना साणं असायचं. स्वयंपाकघरावर भोक, त्यातून उजेड आत यायचा आणि चुलीचा धूर बाहेर जायचा. ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोपीतही धूर पाचटातून वाट काढतो. त्या धुराने आपल्या आया-आज्यांचे डोळे आणि छाती गेली, यात वाद नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगावी सिलेंडर पोहोचले, ते चांगलंच झालं. पण माळवद गेलं, स्लॅब आला, साणं बुजलं. धूर दिसेनासा झाला आणि वाट ठेवायची असते हेच आपण विसरलो. चुलीचा धूर निदान डोळ्यांत पाणी आणून माणसाला बाहेर हाकलायचा.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. गॅस गिझर बाथरूमच्या आत नसावाच. "खिडकी उघडी ठेवू" यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण थंडीत ती कुणीतरी बंद करणारच, आणि प्रेमापोटीच करणार, जशी आमच्याकडे झाली. गिझर आणि सिलेंडर दोन्ही बाहेर, पावसापासून आडोशाला, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. ज्यांना जागाच नाही त्यांनी सरळ बादली चुलीवर किंवा शेगडीवर तापवावी.

दुसरं म्हणणं आपल्या शिक्षकांसाठी. दहावीला 'कार्बनी संयुगे' या पाठात बन्सन बर्नरचं हवेचं छिद्र उघडं-बंद करून निळी आणि पिवळी ज्योत पाहायला सांगितली आहे. आपण ती कृती मार्कांपुरती घेतो. मी स्वतः कितीतरी वर्षं तशीच घेतली. यंदा ती घेतली आणि लगेच विचारलं, "तुमच्या घरी गिझर कुठं आहे? खिडकी किती मोठी? उघडते का?" मुलांनी वहीत बाथरूमची लांबी-रुंदी-उंची लिहून आणली, वरचंच गणित केलं. पालकांचे फोन आले. एक जण चिडले, "सर, पोरगं आंघोळीलाच जाईना!" मी त्यांना म्हटलं, आधी गिझर बाहेर काढा, मग जाईल.

त्यांनी काढला की नाही, अजून कळलं नाही. आमचा आता मागच्या भिंतीला आहे, वर पत्रा टाकलाय. वाऱ्याने कधीकधी ज्योत विझते, तेव्हा सौ. कुरकुरते. आणि बाथरूमची ती तकलादू कडी मी मुद्दामच बदललेली नाही.