घरातला ब्राऊझर कोणता?

नवा संगणक घरी आला की आपण हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो, आणि त्यात जो ब्राऊझर आधीच असेल तोच वर्षानुवर्षे वापरतो. बाजारात वांगीसुद्धा निवडून घेणारे आपण! पण बँक, वीजबिल, मुलांचे निकाल ज्या खिडकीतून पाहायचे, ती मात्र न निवडताच घेतो.

पूर्वी निवडीला वाव नव्हता. २००० नंतरच्या काही वर्षांत आपल्या भाषांमधली अनेक वृत्तपत्रे आपापले फॉन्ट वापरीत. ती इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच धड दिसत, इतरत्र अक्षरांचा नुसता काला! २००४ मध्ये फायरफॉक्स आला, २००८ मध्ये क्रोम. युनिकोड रुळला आणि जून २०२२ मध्ये एक्स्प्लोरर निवृत्त झाला. आता मराठी काय, कन्नड काय, कुठल्याही चांगल्या ब्राऊझरमध्ये स्वच्छ दिसते. वेगातही रोजच्या कामात जाणवावा असा फरक नाही.

मग निवडायचे कशावरून? माझ्या मते दोन गोष्टींवरून: आपली माहिती कोणाकडे जाते आणि घरातल्या माणसांना कोणती भाषा वाचता येते.

क्रोम गूगलचा, आणि गूगलची मुख्य कमाई जाहिरातींची. एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांची नावे वेगळी, पण आतले यंत्र क्रोमच्याच कुळातले. फायरफॉक्सचे यंत्र स्वतःचे आहे. एका साइटवरून दुसरीकडे आपला माग काढणाऱ्या अनेक कुकीज तो २०१९ पासून आपणहून अडवतो. त्याच्या संस्थेलाही बराच पैसा गूगलकडूनच मिळतो, हेही सांगायला हवे. तरी रोजच्या वाचनासाठी आणि बँकेसाठी मी फायरफॉक्सच पसंत करते. त्याचे मेनू मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतात.

पण क्रोम मी काढून टाकलेला नाही. आपल्या सीमाभागात घरात मराठी, कचेरीत कन्नड. आमच्या सासूबाई कन्नड फडाफडा बोलतात, पण वाचता येत नाही. सरकारी योजनेचे पान उघडले की मुलीला हाक मारावी लागते. क्रोममध्ये पानावर उजवी कळ दाबून भाषांतर निवडले की तेच पान मराठीत समोर येते. मतितार्थ कळायला ते पुरे. मात्र शेताचा उतारा, नावे, सर्व्हे नंबर यांसाठी मूळ कन्नडच पाहावे. यंत्राला आडनाव कळेलच असे नाही. ‘हूगार’चा ‘फुलारी’ व्हायला वेळ लागत नाही! शिवाय भाषांतरासाठी पानावरचा मजकूर गूगलकडे जातो. म्हणून बँकेचे पान भाषांतराला देऊ नये.

ब्राऊझर कोणताही असो, तीन गोष्टी जरूर कराव्यात. सेटिंग्जमध्ये भाषांचा क्रम लावावा: मराठी, कन्नड, इंग्रजी किंवा तुमच्या घरी जसा असेल तसा. काही साइट तो क्रम पाहूनच भाषा निवडतात. दुसरे, एकाच संगणकावर घरातल्या प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल करावे. म्हणजे आजोबांच्या भजनांत नातवाचे क्रिकेट मिसळत नाही. पण प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे. सामायिक संगणकावर बँकेचा पासवर्ड साठवू नये. तिसरे, खासगी खिडकीचा अर्थ मुलांना समजावून सांगावा. तिच्यामुळे इतिहास घरच्या संगणकावर राहत नाही इतकेच. कॉलेजच्या नेटवर किंवा साइटवाल्यांपासून आपण लपत नाही. याच गैरसमजावरून अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोड करून जुन्या नोंदी पुसण्याचे कंपनीने मान्य केले.

एकच ब्राऊझर सर्वांत चांगला, असे मी म्हणणार नाही. आपण स्वयंपाकघरात भाजीची विळी आणि नारळाची खवणी वेगळी ठेवतोच की! दोन ब्राऊझर ठेवा, कामे वाटून द्या. आणि घरात ज्यांना एकच लिपी वाचता येते, त्यांना त्या लिपीत मेनू लावून द्यायला विसरू नका. प्रत्येक वेळी नातवंडाला हाक मारावी लागणे कोणालाच आवडत नाही.