पाहुण्यांची खोली, तुमचीही खोली

दारावरची बेल वाजते आणि शिलाई मशीनवरचे काम अर्ध्यातच थांबते. कापडाचे तुकडे, कात्री, रिळे घाईघाईने पिशवीत कोंबली जातात आणि पिशवी जाते पलंगाखाली. पाहुणे चार दिवसांनी परततात. पिशवी मात्र चार महिने तिथेच पडून राहते. कित्येक गृहिणींचे भरतकाम, गोधडी, रंगकाम असेच अर्धवट राहून जाते. हौस संपलेली नसते, जागा नसते.

पाहुणे तरी वर्षातून किती दिवस मुक्कामाला असतात? त्यांच्यासाठी राखलेली खोली उरलेल्या दिवसांत तुमची का नसावी? थोडी योजना केली तर एकच खोली दोन्ही कामांना पुरते.

मांडणी कशी कराल?

समजा, खोली १० फूट बाय १२ फूट आहे. एका लांब भिंतीला सव्वासहा फूट लांब व ३ फूट रुंद दिवाण ठेवा. समोरच्या भिंतीला ६ फूट लांब, २ फूट खोल आणि ३ फूट उंच असे बैठे कपाट करून घ्या. मध्ये ५ फूट जागा मोकळी उरते. रात्री तिथे आणखी एक गादी अंथरता येईल.

कपाटाची उंची ३ फूट ठेवली की त्यावर उभ्यानेच कापड बेतता येते, कंबर दुखत नाही. पाहुणे आले की त्याच जागी त्यांची बॅग आणि पाण्याचा तांब्या ठेवा. कपाटातला एक कप्पा मात्र कायम रिकामा असू द्या, तो पाहुण्यांच्या कपड्यांसाठी.

खिडकीजवळ भिंतीला बिजागऱ्यांनी ४ फूट बाय २ फुटांची जाड फळी जोडा. जमिनीपासून २८ ते ३० इंचांवर ती उघडली की झाले टेबल. खाली सोडली की भिंतीलगत बसते. मशीन ठेवायचे असेल तर खालचे आधार भक्कम हवेत.

रंग कुठे, किती?

रंगीबेरंगी खोली म्हणजे चारही भिंती भडक नव्हेत. दिवाणामागची एकच भिंत हळदी, शेंदरी किंवा मोरपंखी रंगवा. बाकीच्या तीन फिक्या ठेवा. ऊन कमी येणाऱ्या खोलीत हळदी रंग ऊब देतो. दुपारी तापणाऱ्या पश्चिमेकडच्या खोलीत पिस्ता किंवा फिका निळा डोळ्यांना गारवा देतो.

कामाच्या फळीसमोरची भिंत पांढरीच बरी. गडद भिंतीची झाक कापडावर पडते आणि निवडलेला दोरा दुसऱ्या दिवशी उन्हात वेगळाच दिसतो! दिव्याचेही तसेच. छताचा दिवा पाठीमागे असेल तर हातावर आपलीच सावली पडते. उजव्या हाताने काम करत असाल तर टेबललॅम्प डावीकडे ठेवा.

उरलेले रंग तुमच्या हातच्या वस्तूंनी येऊ द्या. खणाच्या उशा, कच्छी आरशांचे तोरण, जुन्या साड्यांची गोधडी. बंगालमधला कांथा आणि बिहारमधली सुजनीही अशीच, जुन्या कापडांचे थर टाके घालून जोडून बनते. मात्र सगळे एकदम मांडू नका. भिंतीच्या रंगाशी जुळणाऱ्या दोनतीन वस्तू पुरेत.

हे विसरू नका

* दिवाणावर बसून कधीही शिवू नका. गादीत राहिलेली एक टाचणी पाहुण्यांची झोप उडवेल.
* रोज काम संपल्यावर लोहचुंबक फिरवून सुया-टाचण्या गोळा करा. कात्री कुलपाच्या खणात ठेवा. पाहुण्यांबरोबर लहान मुलेही येतात.
* चालू काम झाकणाच्या एकाच पेटीत ठेवा. पाच मिनिटांत आवरले जाईल आणि पुन्हा शोधाशोध होणार नाही.
* पावसाळ्यात कापडांना ओल लागू नये म्हणून कपाट भिंतीपासून थोडे दूर ठेवा. कपड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवा : ही अडगळीची खोली नाही. मोडकी सायकल, जुनी वर्तमानपत्रे, रिकामी खोकी इथे येणार नाहीत. नाहीतर पाहुण्यांनी न अडवलेली जागा घरचेच अडवतील.

आणि पाहुणे गेले की चादरी धुवायला टाकण्याआधी फळी उघडा, पेटी वर ठेवा. एक दिवस पुढे ढकलला की चार महिने जातात, हा अनुभव नवा नाही.