नवे रहस्य जुन्या कपाटात

शेरलॉक होम्स वाचून झाला, अगाथा ख्रिस्तीही संपत आल्या. आता पुढे काय, हा प्रश्न इंग्रजी रहस्यकथांच्या रसिकास कधीतरी पडतोच. माझ्या मते उत्तर खपाच्या यादीत न शोधता विस्मृतीत गेलेल्या लेखकांत शोधावे. ब्रिटिश लायब्ररीच्या ‘क्राइम क्लासिक्स’ मालेने अशी अनेक पुस्तके पुन्हा प्रकाशात आणली आहेत. जे. जेफरसन फार्जन यांची १९३७ सालची ‘मिस्टरी इन व्हाइट’ २०१४ मध्ये या मालेत आली आणि नाताळात हातोहात खपली.

मला मात्र फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स अधिक भावतात. मूळचे रेल्वे अभियंता! त्यांचे इन्स्पेक्टर फ्रेंच प्रतिभेच्या झेपेवर विसंबत नाहीत. वेळापत्रके आणि जबान्या एकमेकींशी चिकाटीने ताडून पाहतात. ‘द हॉग्ज बॅक मिस्टरी’त (१९३३) तर उलगडा होताना प्रत्येक धागा आधी कोणत्या पानावर आला होता, तो पृष्ठांकही दिला आहे. व्हाउचरविना नोंद नाही, हा आम्हा बँकवाल्यांचा शिरस्ता कादंबरीत! कित्येकांना हे रुक्ष वाटते, वाटो बापडे. पुरावा दडवून शेवटच्या पानावर चकित करणाऱ्या कादंबरीपेक्षा हा चोख व्यवहार मला अधिक रोमांचक वाटतो. तीही याच मालेत पुनर्मुद्रित झाली आहे; प्रारंभ तिच्यापासून करावा.