बंद म्हणजे बंद नव्हे!

माझं भांडण 'शट डाऊन' या दोन शब्दांशी आहे. आमच्या घोडबंदरला नाव पडलं ते म्हणे घोड्यांच्या व्यापारावरून, आणि घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून संगणकही तेच शिकला. 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं, की 'शट डाऊन' म्हटल्यावर तो तुमच्या खिडक्या मिटतो खरा, पण स्वतःचा गाभा डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तोच पुन्हा उचलतो. कालचं दुखणं आज हजर! आम्ही बँकवाले याला दिवसअखेर म्हणत नाही, मागील पानावरून पुढे म्हणतो.

सगळं पुसून नव्यानं मांडतो तो 'रीस्टार्ट'. म्हणजे नीट बंद करायचं तर 'पुन्हा सुरू हो' म्हणायचं! हा कुठला न्याय? डेस्कटॉपवर 'आल्ट' आणि 'एफ ४' दाबा, पुढ्यात येते तीच लबाड यादी. खरोखर बंद हवा तर शिफ्ट दाबून धरून 'शट डाऊन'वर टिचकी मारा, नाहीतर त्या काळ्या खिडकीत 'शटडाऊन /एस /टी ०' असा मंत्र टंका. अहो, त्यापेक्षा बटणावर सरळ 'डुलकी' लिहा की! आमची काही हरकत नाही.